रेखाचे दोन केसपेपर

८ नोव्हेंबर, अमरावती
दिवाळी आटोपली की ओपीडी फुटते. आजार सणभर दाबून ठेवतात लोक. आज वरूडकडची रेखा गोळ्यांसाठी आली होती. रक्ताचा कॅन्सर, पण हळू चालणारा, गोळ्यांवर राहणारा. कित्येक वर्षं येतेय. पिशवीतून केसपेपर काढून दिला, तर त्यावर नाव भलतंच. म्हटलं, हा तुझा नाही.
"माहाच आहे न बाई. चुकून जुना निंघाला. तो सासरचा, हा माहेरचा."
"दोन कसे?"
"पहिले नवऱ्याच्या नावानं आली होती. मंग सासरचे म्हने, कापूस गेला, आता इलाज बापानं करावा. बापानं आनलं, तं बापाच्या नावानं नवा काढला."
हसत होती. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहत बसले. ज्या वर्षांच्या रजिस्टरांवरून मी या आजारावरचा लेख लिहिला, दोन्हींवरच्या तारखा त्याच वर्षांतल्या. पुढचा पेशंट कधी आत आला ते कळलं नाही.

९ नोव्हेंबर
लेखाची जुनी वही काढली. रेखा त्यात दोनदा आहे. सासरच्या नावापुढे माझ्याच अक्षरात: "पुन्हा आली नाही, मृत धरली." आणि खाली तीच माहेरच्या नावानं, नवी रुग्ण.
एका बाईच्या मी दोन केल्या आणि त्यातली एक मारली. काल ती समोर बसून संत्रं सोलत होती, मलाही चार फोडी दिल्या.

१० नोव्हेंबर
रेकॉर्डरूमच्या बाबारावांना घेऊन जुनी रजिस्टरं चाळली. गाव, वय, रक्ताचे आकडे जुळवत गेले. आणखी निघाल्या. अशाच, आधी सासरच्या, मग माहेरच्या. शेवटी मोजणं थांबवलं. धीर झाला नाही.
बाबाराव तंबाखू मळत म्हणाले, "हे तं मले पहिलेपासून मालूम होतं. पोट्टी आजारी पडली का सासरचे धाडून देतात. नाव बदलते, कागद बदलते."
"मग मला सांगितलं का नाही?"
"तुमी इचारलंच नाही, बाई. तुमी फक्त रजिस्टर मांगत होत्या."
खरं आहे. रजिस्टर मागितलं, चहा पाठवला, लेखाखाली आभारात त्यांचं नाव घातलं. विचारलं मात्र काहीच नाही.

१२ नोव्हेंबर
रविवार. लेख पुन्हा वाचला. "संत्रापट्ट्यातल्या तरुण विवाहित स्त्रियांत हा आजार अधिक आढळतो, आणि त्या लवकर दगावतात." याच एका वाक्यासाठी लोक लेखाचा हवाला देतात. दिल्लीच्या परिषदेत टाळ्या पडल्या त्याही यालाच. परदेशातल्या लेखांत तळटीपेत माझं नाव दिसलं की मी ते पान छापून फाइलला लावायचे. फाइल बरीच जाड झालीय. आज ती कपाटाच्या खालच्या कप्प्यात सरकवली, वर जुने स्वेटर ठेवले. कोणापासून लपवतेय? घरात आम्ही दोघंच, आणि ह्यांना त्यातलं काही कळत नाही.
लाज याची वाटते की मला कळायला हवं होतं. लेखांवर मी पुष्पा इंगळे, पगारपत्रकावर पुष्पा तायडे. लग्नानंतर बँकेत दोन वर्षं भांडले, की बाबांनो, ही आणि ती एकच बाई आहे. आणि रजिस्टर समोर आलं तेव्हा अक्कल गहाण टाकली होती.

१५ नोव्हेंबर
नाझियाचा फोन. बाळापूरची पोरगी, अकोल्याला एम.डी. करतेय. प्रबंध याच आजारावर, आधार माझा लेख. रडवेली होती.
"मॅडम, बायका जास्त निघूनच नाही राहिल्या. तीनदा पाहिलं. माझंच काही गलत होऊन राहिलं."
मला तिथंच सांगता आलं असतं. एक वाक्य लागलं असतं. म्हणाले, "पुन्हा एकदा तपासा. घाई करू नका."
एरवी तिला अगं-तुगं करते, आज वर "करू नका" म्हणाले. मोठ्या बाईंसारखं.

१६ नोव्हेंबर
सबबी लिहून ठेवते, म्हणजे उद्या नव्या सुचणार नाहीत. (१) लेख जुना झाला. (२) पद्धत तेव्हा सगळ्यांची तीच होती. (३) नाना.
तिसरी खरी. नानांनी, माझ्या वडिलांनी, लेखाचं पहिलं पान फ्रेम करून अकोल्याच्या घरात लावलंय, बुद्धमूर्तीच्या शेजारच्या भिंतीवर. वस्तीतली पोरं दहावीला बसण्याआधी नाना त्यांना ते दाखवतात. वाचता येत नाही कोणाला, इंग्रजी आहे. आमच्यातल्या एकाची चूक त्या एकट्याची राहत नाही, सगळ्या वस्तीच्या माथी मारतात. पण नानांना पुढे करून मी स्वतःलाच वाचवतेय, हेही कळतं.

२० नोव्हेंबर
रेखाचे वडील एकटेच आले. वाटलं, तिचं काही बिघडलं. तसं नव्हतं. धाकटीचं जमवताहेत.
"पोरावाले म्हनून राहिले, वरूडकडच्या पोरीचं रक्त खराब असते. पेपरात आलं होतं म्हने. तुमी एक चिठ्ठी लिहून द्या न बाई, का रक्त साफ आहे."
"कुठल्या पेपरात?"
"मले काय मालूम. मोठ्या डॉक्टरनं लिहिलं होतं म्हने."
तो मोठा डॉक्टर त्यांच्यासमोर बसला होता. बातमी माझ्याच लेखावरून झाली होती, तेव्हा मी ती कौतुकानं कापून ठेवली होती. चिठ्ठी लिहून दिली, शिक्का मारला. त्यांनी वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेतले तरी त्यांनी केलाच.

२४ नोव्हेंबर
नाझियाचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता.
"मॅडम, जुळलं!"
"काय जुळलं?"
"मी काय करत होते, प्रत्येक बाईला माहेर विचारून दोन्ही नावं जोडून एकदाच मोजत होते. तुमच्या पद्धतीत तसं नाहीच. म्हणून आता वेगळं वेगळं केलं. तुमच्यासारखंच येऊन राहिलं. सोमवारी सबमिट करते."
पोरीनं बरोबर केलेलं स्वतःच्या हातानं चुकीचं केलं, माझ्या नावाच्या दबदब्यामुळे. आणि वर मला थँक्यू म्हणाली.
मी म्हणाले, "देऊ नकोस. मी येते."

२५ नोव्हेंबर, अकोला
सकाळच्या एसटीनं. मूर्तिजापूरपर्यंत उभी. नानांकडे गेले नाही, सरळ नाझियाच्या होस्टेलवर. सगळं सांगितलं. तिनं प्रबंधाचे कागद पुढे ओढले.
मग, "म्हणजे मी पहिलेच बरोबर होते?"
"हो."
"तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं? मी रडत होते तेव्हा?"
"हो."
लेख ज्या मासिकात आला त्याच्या संपादकांना लिहिलेलं चुकीच्या कबुलीचं पत्र मी पर्समधून काढून दिलं. वाटलं, ते वाचून जरा निवळेल. वाचलं, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "नोंदींमधील त्रुटींमुळे."
"नोंदी तर बरोबर आहेत मॅडम. बाई ज्या नावानं आली, तेच नाव लिहिलं त्यांनी."
रेखाचे वडील येऊन गेल्यापासून चार दिवस खपून लिहिलेलं पत्र, आणि त्यातही बाबारावांवर ढकलून मोकळी झाले होते. पत्र परत घेतलं. तिनं चहा विचारला नाही. बरं केलं.
परतीची गाडी नानांच्या गल्लीच्या तोंडावरून गेली. उतरले नाही.

२९ नोव्हेंबर, अमरावती
नाझियाचा फोन नाही. सबमिट केलं की नाही, कोणत्या आकड्यांनी, माहीत नाही. विचारायचं तोंड नाही.
पत्र पुन्हा लिहिलं. "नोंदी बरोबर होत्या. एका बाईला दोन नावं असू शकतात हे मी विचारात घेतलं नाही, आणि कोणाला विचारलंही नाही. न आलेल्या स्त्रियांना मी मृत धरलं. त्यातल्या काही आजही माझ्याकडे उपचार घेत आहेत." एवढंच. लेख मागे घ्या, असंही खाली लिहिलं. मग ती ओळ खोडली. मग पुन्हा लिहिली.

२ डिसेंबर
पत्र अजून टेबलावर. पाकीट, पत्ता, तिकिटं सगळं झालंय. दोनदा शिपायाला हाक मारली आणि दोन्ही वेळा दुसरंच काम सांगितलं.
दुपारी रेखा आली, रक्त तपासायला बोलावलं होतं. बाबारावांनी तिला सांगितलेलं दिसलं. स्टुलावर बसता बसता म्हणाली,
"बाई, तुमच्या त्या पुस्तकात मी मेली आहो म्हने?"
मी होकार दिला. दुसरं काय देणार.
पदर तोंडाला लावून खूप हसली. मग हसू थांबलं. माझ्याकडे पाहून म्हणाली, "सासरच्यायनं तं सोडलंच होतं. तुमी बी?"
मी ट्रेमधली सुई शोधू लागले. तिनंच हात पुढे केला, सुईसाठी.
"मंग जिती करा न आता मले."
रक्त घेतलं. बाटलीच्या चिठ्ठीवर नाव लिहायला पेन उचललं आणि विचारलं, कोणतं लिहू?
"दोनी लिहा," म्हणाली.
दोन्ही लिहिली. पाच वाजता टपाल निघतं. आता साडेचार.