काळी सुरी जिंकली, त्याची हकिगत

तीर्थरूप मामांना,

दोन्ही हात जोडून नमस्कार (एका अंगठ्याला चिंधी बांधली आहे, पण जोडले आहेत). तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला आणि त्यावर तुम्ही शोधलेली औषधे, दोन्ही आता थांबली असतील असे धरून चालतो. इकडे सगळे खुशाल. मी तर जरा जास्तच खुशाल आहे, कारण मामा, तुमची सुरी जिंकली.

झाले असे की आमच्या हिचा भाऊ, जो कॅन्टीनमध्ये माझ्याच शेजारी उभा राहून भाजी चिरतो (काहींच्या नशिबी घरी आणि कामावर एकच माणूस असतो), त्याने नवी सुरी आणली. पाते असे लखलखीत की त्यात बघून तो मिशी सारखी करतो. पोलाद म्हणे इतके कडक की महिनाभर धार हलायची नाही, आणि गंजाचे नाव नको. तुम्ही जुन्या करवतीच्या पात्यातून घासून काढलेली माझी सुरी तिच्याशेजारी ठेवली, की कोळसेवाला कामावरून थेट लग्नाला आल्यासारखी दिसते. हे मुख्य आचाऱ्यांच्या नजरेत भरले. त्यांना आम्ही घड्याळकाका म्हणतो, कारण साडेबाराची जेवणाची घंटा आणि त्यांचा जीव एकाच दोरीला बांधलेले आहेत. त्यांनी फर्मावले, दोघींची परीक्षा घ्या. जिंकेल तशा बारा नव्या येतील आणि हरेल ती भंगारात. तुमची सुरी भंगारात, मामा! मला दोन दिवस जेवण गेले नाही. (तिसऱ्या दिवशी तिन्ही दिवसांचे मिळून गेले.)

पहिली फेरी धार टिकण्याची. लाकडी पाटावर सुतळीचा दोर कापत राहायचे आणि दर दहा घावांनी वर्तमानपत्राचा कागद कापून बघायचा. कागद फाटू लागला की सुरी बाद. तुमची एकशे तीस घावांवर थकली. त्याची चारशेच्या पुढे गेली. खोटे कशाला सांगू, मोजायला मीच होतो आणि दोन-तीनदा मुद्दाम चुकलोही, तरी ती थांबेना. त्या दिवशी मेहुणा आमच्याकडे जेवायला आला आणि ही त्याला आग्रह करकरून वाढत होती.

दुसरी फेरी गेलेली धार परत आणण्याची. मी तुम्ही शिकवल्याप्रमाणे दगड भिजवला, पाते जरासे तिरके धरले, न दाबता फिरवले, आणि सहा मिनिटांत कागद निमूट दोन झाला. मेहुणा आपला घासतोय. कडक पोलादाचे हेच दुखणे, धार जाताना जितके आढेवेढे घेते, येताना त्याच्या दुप्पट घेते. नाचता येईना तेव्हा त्याने अंगणाला नावे ठेवली, म्हणजे दगडाला, आणि माझा दगड मागून घेतला. पावणेदोन तासांनी धार आली खरी, पण तोवर त्याची बोटे सोलून निघाली होती.

एकास एक झाली. निकाल प्रत्यक्ष कामावर लागायचा होता: तीनशे माणसांचे जेवण, दोघांपुढे कांद्याचे एकेक पोते. अकरापर्यंत तो पुढे होता. तेवढ्यात त्याने हात थांबवला आणि म्हणाला, "दाजी, हे काय चाललंय?" बघतो तर माझ्या डाव्या हातात चहाचा रिकामा कप उलटा, आणि उजवा हात त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर सुरी फिरवतोय. शपथेवर सांगतो, मला पत्ताच नव्हता. वीस वर्षांची खोड आहे ती. (पहिल्या फेरीलाही मध्ये चहा आला होता. ते मी कुणाला बोललो नाही.)

मेहुण्याने मला बाद करायची मागणी केली, आणि सगळे चिरणे थांबवून बघू लागले. घड्याळकाकांनी कप उलटा करून पाहिला, मग घड्याळ पाहिले. मग दोन्ही सुऱ्या घेतल्या आणि त्यांच्या धारा दगडी ओट्याच्या कडेवरून करकरत ओढल्या. माझ्या काळजावरूनच ओढल्या म्हणा ना. ते म्हणाले, "स्वयंपाकघरात हे रोज होतं. आता घ्या कप आणि लावा धार." मी दोन मिनिटांत पुन्हा कांद्याला लागलो. त्याचा कप तापला, सुरी ढिम्म. "मला साडेबाराच्या आत तयार होणारी सुरी पाहिजे," काका म्हणाले, आणि तुमची काळी सुरी पहिल्या मानाच्या खिळ्यावर लागली. कांद्याचे निमित्त होतेच, मी मनसोक्त रडून घेतले.

मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमच्या हाताखाली घडलेला,
विजयी भाचा

ता.क. सोमवारी लोहार येणार आहे. तुमची सुरी नमुना म्हणून त्याच्यापुढे ठेवायची आणि हुबेहूब तशा बारा करून घ्यायच्या.

ता.क. २. हे बसून वाचा. त्या दिवशी कॅन्टीन रिकामे झाल्यावर मेहुण्याला तिची ताकद दाखवावी म्हणून मी तिच्या टोकाने तेलाच्या डब्याचे झाकण उचकटले. हात दाखवून अवलक्षण. टोक डब्यात राहिले. सध्या ती फडक्यात गुंडाळून खिळ्यावर लटकते आहे (लोकांना वाटते, मान दिला आहे). त्याच करवतीच्या तुम्ही आणखी दोन-तीन केल्या होत्या, त्यातली एक रविवारपर्यंत पाठवा.

ता.क. ३. मेहुण्याने हे कुणालाच सांगितलेले नाही, हिलासुद्धा नाही. गप्प बसायचे काय घेशील, असे मी त्याला सरळ विचारले. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाला, "मामांकडे एक जास्तीची असेल का?" तेव्हा मामा, दोन पाठवा.