गाडीतलं तिचं सामान

सोमवार, ४ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा. मी बसने आलो आणि गाडी ट्रकवर चढून ऐटीत आली, कारण सव्वीस वर्षं तिच्यात बसूनही मला ती चालवता येत नाही. चालवायची बायको. मी शेजारच्या सीटवर बसून चुका काढायचो. घर छान आहे. दोन खोल्या, भरपूर उजेड, खिडकीसमोर फरसबंद अंगण. अंगणापलीकडे पिठाचं गोदाम, त्यामुळे सगळीकडे ताज्या दळणाचा वास. मालकीणबाई वरच्या मजल्यावर राहतात. आल्या आल्या त्यांनी विचारलं, एकटेच का? मी हो म्हणालो तर त्यांनी जिन्यातच डोळे पुसले. मला भारी संकोच वाटला. बायको जूनमध्ये गेली आणि मी अजून रडलेलो नाही. लेक परदेशातून फोनवर त्यावरून बोलते. रडू येईल तेव्हा येईल, मी काही त्याचं वेळापत्रक लावलेलं नाही.

गाडी ठेवायला छप्पर नाही, अंगणातच उघड्यावर उभी राहील. महिनाभराचा तर प्रश्न. एक डिसेंबरला लेक येऊन ती घेऊन जाणार आहे. तिने एकच बजावलंय, की आईची गाडी जशीच्या तशी हवी, आतली एकही वस्तू हलवायची नाही.

बुधवार, ६ नोव्हेंबर

उभ्या गाडीचं इंजिन अधूनमधून सुरू करावं लागतं. मी माझ्या सीटवरूनच हात लांब करून किल्ली फिरवली. तिच्या सीटवर मी बसत नाही. मग बॉनेट उघडलं तर बॅटरीवर काळ्या लेंड्या. मालकीणबाई म्हणाल्या, गोदाम आलं की उंदीर आलेच, आणि त्यांनी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याच्या खिशात सदा पाना असतो म्हणून सगळे त्याला पानामास्तर म्हणतात.

तो म्हणाला, उंदरांना उभी गाडी म्हणजे आयतं बीळ. दिवसा बॉनेट उघडं ठेवा, उजेडात ते थारा धरत नाहीत. हवा आत जाते त्या तोंडांवर बारीक तारेची जाळी लावा. पुदिन्याच्या तेलात भिजवलेले बोळे ठेवा, चाकांपाशी पिंजरे लावा. आणि आतलं कापड, कागद, सगळं आधी घरात न्या. शेवटचं सोडून मी सगळं कबूल केलं. जशीच्या तशी म्हणजे जशीच्या तशी.

तरी लेकीने विचारलं तर असावी म्हणून यादी करून ठेवतो. सीटवर फुलाफुलांची उशी (ती बुटकी, उशीशिवाय तिला रस्ता दिसत नसे). दाराच्या कप्प्यात लाकडी कंगवा, दोन दात पडलेले. पुढच्या खणात उन्हात घालायचे पांढरे हातमोजे आणि चाकांत हवा कधी भरायची त्याची तिच्या अक्षरातली चिठ्ठी. मागे हिरवी शाल.

रविवार, १० नोव्हेंबर

तीन दिवस नुसती जाळी कापतोय. आयुष्यभर ऑफिसात कागद शिवले, आता तार शिवतोय. बॉनेट उघडं, बोळे जागच्या जागी, सहा पिंजरे. अंगणाला औषधाच्या दुकानाचा वास येतो, मालकीणबाई नाकाला पदर लावून ये-जा करतात.

आणि आज पाहतो तर उशी नाही. सीटवर मूठभर कापूस तेवढा उरलाय. पानामास्तरने दुपारभर गाडी उलटीपालटी केली. डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात, इथे तोही निघाला नाही. एक भोक नाही, एक वायर कुरतडलेली नाही, पिंजरे रिकामे. असला उंदीर आपण जन्मात पाहिला नाही, म्हणाला.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सकाळी दाराच्या कप्प्यात लाकडाचा भुसा दिसला. यादी काढून बघितली. तीत लाकडी कंगवा लिहिलाय. अक्षर माझंच आहे. पण असला कंगवा मला आठवत नाही. तिचे केस लांब होते की आखूड, तेही सांगता येईना. उशीही फुलाफुलांची होती म्हणे, आणि ती बुटकी होती म्हणे.

लेकीला फोन करून आडून आडून विचारलं. आधी ती थट्टा समजून हसली. आईची वेणी तुम्ही कशी विसरलात, म्हणाली. मी म्हणालो, वय झालं. फोन ठेवल्यावर फोटो काढून पाहिला. गाडीपाशी एक बाई उभी आहे, खांद्यावर लांब वेणी. चांगली वाटते. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर

पानामास्तर सांगत होता, उंदीर माणसालाही कुरतडतो, पण आधी फुंकर घालतो. फुंकर, मग दात, मग पुन्हा फुंकर. त्या जागेला काही कळतच नाही. त्याच्या आजोबांची टाच अर्धी गेली, ते त्यांना चप्पल घालताना समजलं. तो हसला, मीही हसलो.

आजपासून पहारा. जेवण झाल्यावर माझ्या सीटवर जाऊन बसलो, काचा लावून घेतल्या. भर उन्हातही डोळा लागला. कानामागे काहीतरी गार, मऊ येत होतं. फार बरं वाटलं. ओळखीचं वाटलं. जूनपासून मला असंच वाटतंय.

जागा झालो तर शाल नव्हती.

बुधवार, २० नोव्हेंबर

हातमोजे गेले. माझ्या करंगळीचं टोकही गेलंय. दुखत नाही. मालकीणबाईंनी फडकं बांधलं, बांधताना त्याच रडत होत्या. मी त्यांना म्हणालो, अहो, बोट माझं आहे.

शेवटी पानामास्तरचं ऐकलं. चिठ्ठी घरात आणून या वहीत ठेवली. गाडी त्याच्या शेडमध्ये पाठवली. पक्क्या भिंती, लोखंडी दार. आता गाडीला काही होत नाही.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

पानामास्तर येऊन सांगून गेला. गाडी ठणठणीत, शेडमध्ये एक लेंडीसुद्धा नाही.

इथे वहीचे कोपरे गेलेत. चिठ्ठी नाही. तिचं अक्षर कसं होतं — गोल होतं की —

दार लावलेलं आहे. खिडक्याही. तरी कानामागे गार.

उंदीर गाडीसाठी आलेच नव्हते.

सोमवार, २५ नोव्हेंबर

एका बाईचा फोन आला. मला बाबा म्हणत होती. रविवारी येते म्हणाली, आईची गाडी कशी आहे विचारलं. मी नीट बोललो, नंबर चुकला असेल म्हणालो. ती रडायला लागली.

मग मागची पानं वाचली. मला लेक आहे. ती माझी लेक होती.

घाबरलो. खरंच घाबरलो. ओरडावंसं वाटलं, ऊर भरून आला — आणि मग गार. मग काही नाही.

ती येईल आणि आईबद्दल विचारेल. मी तिला काय सांगू —

बुधवार, २७ नोव्हेंबर

पेन तीन बोटांत धरलंय. उरलेली —

एक गोष्ट अजून आहे. ती कुठल्या वस्तूत नव्हती, म्हणून राहिली असेल. गाडी सुरू करण्याआधी ती माझ्याकडे वळायची आणि एकच वाक्य म्हणायची. रोज. चेहरा दिसत नाही, पण आवाज आहे. आत्ता ऐकू येतोय. लेकीसाठी लिहून ठेवतो, मग माझं काही का होईना —

गार. थांब. एवढं लिहू दे —

ती म्हणायची, अहो,