कॉफीआधी तीन झेंडे

१३ मे, सोमवार

काल बाबांनी आपाखच्या बेकरीबाहेरची पाटी गाडीनं आडवी केली. बेकरीवाल्या किफरनं आज फोनवर दुजोरा दिला. इजा कुणाला नाही. बाबांनी माफी मागितली, पाटी उभी केली, वर चार पाव विकत घेतले.

"पाटीचं सोडा हो," किफर म्हणाला. "पण तुमच्या वडिलांनी मला विचारलं, लक्झेंबर्गात पाव इतके छान कधीपासून व्हायला लागले!"

मी हसले. तोही हसला. 

आपाख फ्रान्समध्ये आहे. बाबांच्या घरापासून सायकलनं जाता येतं. आणि बाबांनी चाळीस वर्षं इकडे जर्मनीत, पेर्लमध्ये लोकांना मोटार शिकवली आहे. निम्मं गाव त्यांचं शिष्य. मीसुद्धा.

१४ मे

भावाला, फोल्करला, कोलोनला फोन केला. "बाबांना गाडी सोडायला तू सांग," म्हणाला. "तू जवळ राहतेस."

"थोरला तू आहेस."

"म्हणून तर माझं ऐकणार नाहीत!"

तेवढ्यात उद्याच्या अंकाच्या पान दोनचा मजकूर संपादनाला आला, फोन ठेवला.

तीस तारखेला बाबांचा ऐंशीवा वाढदिवस. नेमका देहोत्सवाचा, चर्चच्या सणाचा गुरुवार — आपल्याकडे सगळं बंद, पलीकडे दोन्ही देशांत सगळं उघडं. असला गुरुवार आमच्या घरानं कधी वाया घालवलेला नाही. कॉफीआधी तीन झेंडे! न्याहारी फ्रान्समध्ये, जेवण लक्झेंबर्गात, चार वाजता घरी कॉफी आणि केक. स्टिअरिंग ज्याच्या हातात, मार्ग त्याचा. बाकीच्यांनी तोंड फक्त खायला उघडायचं.

फोल्करच्या जुळ्या मुलींनी आजोबांच्याच गाडीत बसायचं ठरवून टाकलंय. त्याआधी बाबांशी बोलायला हवं.

१९ मे, रविवार

बाबांना वाढदिवसाचा मार्ग "तपासायचा" होता. आई पुढे, मी मागे.

शिकवताना ते म्हणायचे, "सीमा डोळ्यांच्या आधी पायाला कळली पाहिजे." गावाबाहेर आपल्याकडे शंभर, लक्झेंबर्गात नव्वद, फ्रान्समध्ये ऐंशी. त्यांचा पाय सीमेवर आपोआप हलका व्हायचा. लहानपणी मी डोळे मिटून देश ओळखायचे.

आज पाय हलका झाला नाही. आई बोलल्यावर झाला.

"अगंबाई, आलं की फ्रान्स! किफरकडे काही उरलं असेल का?" — गाडी ऐंशीवर. नदी ओलांडल्यावर, "लक्झेंबर्ग! आल्विन, पेट्रोल भरून घ्यायचं ना?" — गाडी नव्वदवर.

दोन-तीन वेळा हेच. मी इतके दिवस याला आईची बडबड समजत होते. आज मागून पाहिलं. ती खिडकीबाहेर बघतच नव्हती. वेगाच्या काट्याकडे बघत होती.

संध्याकाळी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "केव्हापासून?"

"नाताळच्या आधीपासून." बशी पुसत होती.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगतेच आहे की. प्रत्येक वळणावर. त्याला."

"आणि मला?"

"तू लगेच बैठक बोलावली असतीस."

खरं आहे. बोलावली असती.

२२ मे

बाबांना काय सांगायचं ते वाक्य लिहून पाहिलं. इतरांची वाक्यं कापण्यात जन्म गेला — माझंच वाक्य शून्यावर आलं.

२९ मे

फोल्कर मुलींना घेऊन आला. आईला ताप, घसा पार बसलाय. उद्या ती येणार नाही.

बाबा तिच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. "पुढच्या वर्षी जाऊ," असं म्हणतील म्हणून मी थांबले. ते म्हणाले, "आठला निघू."

आईनं मनगट धरून मला जवळ ओढलं. आवाज नव्हता, नुसते ओठ हलले. "मुली फोल्करच्या गाडीत. पुढे तू बस."

३० मे

मुली रुसल्या. आजोबांच्या गाडीला वास येतो, असं फोल्करनं सांगितलं! बाबांना ते दिवसभर लागलं.

द्राक्षमळ्यांच्या वरच्या रस्त्यानं निघालो. मी पुढे, फोल्कर मागच्या गाडीत. सीमेची निळी पाटी दिसली. "आलं फ्रान्स" एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या तोंडी ते आईसारखं गप्पांमध्ये खपलं नसतं, सूचनाच झाली असती. पाटी मागे पडली. काटा शंभरवर.

पुढे मळ्यातून एक ट्रॅक्टर बाहेर येत होता.

"बाबा! ऐंशी!"

ब्रेक लागला. ट्रॅक्टर समोरून संथपणे गेला, त्यावरच्या माणसानं हातसुद्धा केला. बाबांनी गाडी बांधाजवळ घेतली आणि इंजिन बंद केलं.

"कुठला देश?"

"फ्रान्स."

"तुझी आई आधीच बोलली असती." त्यांनी पट्टा सोडला. "तिला वाटतं मला ते कळत नाही."

मग उतरले. गाडीला वळसा घालून माझ्या बाजूचं दार उघडलं. "ऊठ. चाळीस वर्षं मी याच बाजूला बसलोय. स्टिअरिंगला शिकाऊ बसतात."

फोल्कर धावत आला. "काय झालं?"

"काही नाही. हिचा तास आहे."

मी चावी फिरवली. "आरसा," बाबा म्हणाले. मी आरसा नीट केला.  मग काटा ऐंशीवर ठेवून निघाले.

तीन झेंडे झाले. चारला घरी. आई शाल पांघरून दारात उभी. कोण कुठल्या बाजूनं उतरलं ते तिनं पाहिलं. केकचा मोठा तुकडा बाबांना वाढला.

२ जून

बाबांची चावी खुंटीवर. सकाळी गाडी धुतली, दुपारी पुन्हा धुतली. "आता धुण्यापुरतीच उरली." माझे निम्मे रविवार कचेरीत जातात. त्यांना ठाऊक आहे, म्हणून फिरवायला ये असं म्हणत नाहीत. ते जास्त लागतं.

९ जून, रविवार

आईकडे १९७१ पासून परवाना आहे! बाबांकडेच शिकली, पास झाली आणि नंतर कधी स्टिअरिंगला बसली नाही. ("याच्या शेजारी बसून चालवायचं? त्यापेक्षा घटस्फोट बरा.") आज सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये ती तासभर गाडी फिरवत होती. बाबांनी दुजोरा दिला: "आरसा बघते. तुझ्यापेक्षा बरी."

पुढचे काही रविवार सराव. मग सहल. स्टिअरिंग तिच्या हातात, म्हणून मार्ग तिचा — तिनं बेल्जियमही धरलंय. चार झेंडे. बाबांनी तोंड फक्त खायला उघडायचं.