खारूताईवरचे ढग

२ जून
पोहोचलो एकदाचे! वेधशाळेने दोन खोल्या दिल्यात, ऊन भरपूर. खारूताईने, म्हणजे माझ्या सहा वर्षांच्या लेकीने, आल्या आल्या खिडकी बळकावली. तिची आई गेल्यापासून आज पहिल्यांदा ती खळखळून हसली. देव पावला म्हणायचं.

४ जून
काम तसं सोपं. तपकिरी बटू म्हणून एक प्रकरण आहे, धड तारा नाही, धड ग्रह नाही. त्याच्यावर ढग असतात. गरगर फिरताना ते समोर आले की त्याचा उजेड मंदावतो, दर पाच तासांनी. दुर्बीण आपोआप फोटो काढते, मी सकाळी उजेड मोजतो. त्यासाठी शेजारचा एक न बदलणारा तारा आधाराला धरायचा. तो लेकीनेच निवडला, मग नावही तिचंच दिलं. साहेब म्हणाले, लाड पुरे, कामाला लागा. पण हसत होते.

९ जून
जेवताना खारूताईचा चेहरा एकदम काळवंडला, सावली पडावी तसा. बाहेर लख्ख ऊन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त कमी आहे, नीट खाऊ घाला. संध्याकाळी पुन्हा तेच.

११ जून
घड्याळ लावून पाहिलं. बरोबर पाच तासांनी. दर वेळी जास्त गडद. आज तिचे डोळेच दिसेनात. दिवे का घालवले म्हणून विचारत होती. पाच तास तर बटूचे, म्हणून नोंदवही काढून बसलो.

१२ जून
सापडलं. गाढव आहे मी, गाढव! आठ तारखेला घाईत दोन रकाने उलटे भरले. बटूला ‘स्थिर’ ठरवलं आणि त्याचे सगळे ढग तिच्या नावावर टाकले. आत्ता सुलटे केले.

दुपार
सावली गेली! काय उजळलीय पोर—
पण हलत नाही. घास तोंडात तसाच. पापणी लवत नाही. छातीला कान लावला, ठोकाच नाही. अंग मात्र उबदार.
आता ‘स्थिर’ ती आहे. आधाराचा तारा बदलत नाही. कधीच—

संध्याकाळ
नाव खोडायला गेलो तर तिची बोटंच विरायला लागली. घाईघाईने परत लिहिलं.

१३ जून
दोनच रकाने. एकात अंधार, एकात हे. तिच्या आईलाही शेवटी अशीच पाहिली होती, शांत, गोरीपान. पुन्हा नाही सोसत. नाही सोसत मला.
पुन्हा उलटे केले—
हलली! घास गिळला. बाबा म्हणाली. मी ओक्साबोक्शी रडलो, तर माझे डोळे पुसले तिने.

पाच तास होत आले. सगळे दिवे लावलेत. खिडकी सताड उघडी. मांडीवर घेऊन बसलोय. बाबा, तू कुठे गेलास, विचारते आहे. इथेच आहे गं सोने, तुला धरून— हाताला केस लागतायत, गाल लागतोय, पण तुझं तोंड मला—