आप्पांच्या घड्याळाची आंघोळ

तीर्थरूप सुकलालदादांस धाकट्या नवनीतचा दंडवत. उधन्याला सगळे खुशाल असाल. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवावे. फोनच केला असता, पण आई माझ्या शेजारून हलत नाही आणि विषय तिचाच आहे.

आप्पांचं घड्याळ मी धुतलं. (बसून वाचा.)

तीस वर्षं मिरची वाळवायच्या पथारीवर राबताना आप्पांच्या मनगटावर तेच होतं, चेनच्या कडीकडीत लाल धूळ बसलेली. ते गेल्यापासून आई रोज सकाळी घड्याळ नाकाशी धरते, दोनदा शिंकते, "उनात त्या," म्हणते आणि मगच चहा घेते. म्हणजे आप्पा आले. तिचा दिवस त्या दोन शिंकांवर सुरू होतो. मग ते मी शाळेत घालून जातो (बाराव्याला तुम्हीच माझ्या हाती दिलंत), आणि माझ्या मनगटाची आग आग होते.

मागच्या झाकणावर 'वॉटर रेझिस्टंट, ३० मीटर' असं कोरलेलं. आपली विहीर पन्नास फूट, तेव्हा तपेलीभर पाणी म्हणजे किस झाड की पत्ती, असं मी ठरवलं. (खापरच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो, हे तूर्त विसरा.) पाणी कढत घेतलं, धुण्याची पावडर टाकली आणि बुडवण्याआधी चावी बाहेर ओढून काटे थांबवले, कारण आप्पांना वेळ वाया गेलेला खपत नसे. अर्ध्या तासात काचेच्या आतून दव धरलं.

नंदुरबारच्या कय्युमभाई घड्याळवाल्यांनी झाकण उघडून थेंब टिपले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मास्तर, घडीले आंघोय घालतस नही, तोंड पुसतस." ते तीस मीटर म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे सोसण्यापुरते. चावी आत दाबलेली हवी. चेन सोडवून ती तेवढी कोमट पाण्यात साध्या साबणाने, मऊ ब्रशने घासायची. घड्याळाला फक्त घट्ट पिळलेलं फडकं, आणि लगेच कोरडं करायचं. रबराची रिंग बदलून त्यांनी ते चालू केलं. मी खुशीत घरी आलो.

सकाळी आईने घड्याळ नाकाशी धरलं. थांबली. पुन्हा धरलं. "ही त्यास्नी घडी नही," म्हणाली आणि चहा तसाच निवला. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप कड्यांत मिरचीपूड भरली. (हसू नका.) आई सात वेळा शिंकली, डोळे पुसले आणि म्हणाली, "ही नुसती मिरची शे, भाऊ." दादा, तीस वर्षांचा घाम मी कुठून आणू? आप्पांना मीच दुसऱ्यांदा घालवलं, असं वाटतं.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
नवनीत

ता. क. : आप्पांचं उपरणं तुम्ही नेलं होतंत. ते न धुता, न झटकता, पिशवीत गच्च बांधून एसटीने पाठवा. वहिनींनी धुतलं असेल, तर हे पत्र फाडून टाका.

आणखी एक : तुम्हीही दार लावून ते हुंगत असाल, तर अर्धंच पाठवा. मी विचारणार नाही. घड्याळ धुवायच्या आदल्या दिवसापर्यंत, तास सुरू होण्याआधी, मीही एकदा शिंकून घेत होतो.