बाबांचं नाव नसलेली यादी

मेरिदा,
मंगळवार, १४ मार्च

तीर्थरूप बाबांना,
रुफिनाचा नमस्कार. इकडे सगळे बरे. उन्हाने जीव नकोसा झालाय. आईचा गुडघा तसाच, पण ऐकते कुणाचं? सकाळी उठून बाजारात जातेच. इझामालला काकाकडे करमतंय ना? की त्याच्या नादाने तिखट खाणं पुन्हा सुरू?

हॉटेलात गर्दी आहे. माझा इंग्रजीचा वर्गही कालपर्यंत चालू होता, दुपारची टेबलं आवरली की. वीलबर्त अजून 'सूप गरम आहे' हे पाहुण्याला धमकी दिल्यासारखं ओरडतो. परवा म्हणाला, "मास्तरीणबाई, वडील कधी येणार तुमचे? त्यांच्याशिवाय मजा नाही." मी म्हटलं, "तू आपला धडा म्हण."

तीनदा हे पत्र लिहायला बसले आणि आईच्या गुडघ्यावरच थांबले. आता लिहितेच.

तुम्हाला वाटतंय, मालकीणबाईंनी आपल्या मनाने तुम्हाला भांड्यांवर पाठवलं. नाही बाबा. आपल्या मालकीण दोन्या ग्रासिएलांनी मला विचारलं होतं, "परदेशी पाहुणे कोण सांभाळेल? नावं दे." मी सहा नावं दिली. तुमचं दिलं नाही.

ते अमेरिकन जोडपं आठवतं? जेवण झाल्यावर पाऊण तास माना वळवून बघत होते आणि तुम्ही भिंतीशी शांत उभे. पाहुण्याने मागितल्याशिवाय बिल ठेवणं म्हणजे त्याला हाकलणं, हे तुम्हीच मला शिकवलंत. आपल्या माणसांना तेच बरोबर. त्यांना मात्र वाटतं, आपल्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. शेवटी ती बाई तणतणत दोन्यांकडे गेली. मी तिथेच होते. म्हटलं, "बाबांना इंग्रजी झेपत नाही." त्यानंतरच त्यांनी ती नावं मागितली.

खोटं बोलले. वर्गात सगळ्यात चांगलं इंग्रजी तुमचंच. ताटं उचलली की 'आणखी काही हवंय, की बिल आणू?' असं परदेशी पाहुण्यांना आपणहून विचारायचं, हे मी सगळ्यांना शिकवलं, तेव्हा तुम्ही दात काढून घ्यायला गेला होतात. नंतर सांगायला एक मिनिट लागलं असतं. मुद्दामच सांगितलं नाही. मुख्य वेटर कोण, ते ठरायचं होतं आणि जो तो पाहुणा आल्या आल्या तुमचंच नाव घ्यायचा, 'डॉन एलेउतेरियो कुठे आहेत?' माझा जळफळाट व्हायचा. सख्ख्या बापाचा हेवा केला मी, बाबा. लाज वाटते.

काल दोन्यांना सगळं सांगितलं, वीलबर्तच्या देखत. त्या एवढंच म्हणाल्या, "शिकवायला ठेवलं होतं ना गं तुला? आता महिनाभर भांड्यांवर तू." वर्ग काढून घेतला, मुख्य वेटरचं कामही. मग म्हणाल्या, "एलेउतेरियोला कळव, रविवारपासून खिडकीजवळची टेबलं त्याची. यायचं असेल तर." वीलबर्त माझ्याकडे बघतही नाही आता.

तुम्ही या. माझं तोंड बघायचं नसेल तर काकाकडून निरोप पाठवा, मी दुसरीकडे काम बघते. पण तीस वर्षं उभं राहिलात ती जागा माझ्या खोट्यापायी सोडू नका. मी माफी मागतेय. ती द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा.

आईला यातलं काहीच माहीत नाही. ती समजते, तुम्हीच रागाच्या भरात निघून गेलात, आणि शेजारणींपुढे तुम्हाला बोल लावते. मी ऐकून घेत आले. आज पत्र टाकून घरी गेले की तिला सांगणार आहे.

तुमच्या जागेवर डोळा ठेवलेली, तरी तुमचीच,
रुफिना