अक्रोडी दस्त्याला शोभेल अशी दुर्बीण

४ ऑक्टोबर

चि. भिंगरीस मामाचे अ. उ. आ.

या घरातला जिना मी केला. तुझी आई ज्या पलंगावर बसून माझे दोष काढते तो पलंग, तुझा पाळणा, गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीचा डावा हात आणि सगळ्यात शेवटी तुझ्या नव्या रायफलीचा अक्रोडी दस्ता, हे सगळं याच दोन हातांनी, कुणाच्या हाताखाली एक दिवसही न शिकता. बढाई म्हणून नाही, नोंद असावी म्हणून लिहितो. नळी आणि चापाचं यंत्र परदेशी कारखान्याचं, ते उत्तमच आहे. पण ती नळी ज्याच्यावर निजते तो दस्ता माझा. तेव्हा त्यावर वाटेल ती दुर्बीण (तुम्ही मंडळी स्कोप म्हणता ती) चढू देणार नाही.

बंदूकवाल्याने तीन पारखायला दिल्यात: थोरली, मधली, धाकटी. गच्चीवर लाकडी घोडी करून तिन्ही बसवल्या आणि चौकापलीकडच्या पाण्याच्या टाकीवरचे आकडे वाचत बसलो. समोरच्या मास्तरीणबाईंना वाटलं, मी त्यांच्या खिडकीत बघतोय. तावातावाने भांडायला आल्या, खात्री करायला म्हणून डोळा लावला, आणि सिगारेट कायमची सोडलेले त्यांचे यजमान टाकीमागे धूर काढताना त्यांना पन्नास पट मोठे दिसले. आता रोज संध्याकाळी येतात.

धाकटीचं भिंग कडेला निळसर पडतं, ती बाद. थोरली पाठवतोय. वीस नोव्हेंबरची निवडचाचणी माझ्या डोक्यात आहे. नेमबाजीच्या संघात जागा एकच, आणि गेल्या वर्षी क्लबच्या उसन्या रायफलीपायी ती एका गुणाने गेली. यंदा दोष रायफलीचा नसेल, एवढं माझ्याकडे लागलं.

फोन करू नकोस. तुझ्या आईने फोनवर सांगितलेल्या मापाचं कपाट अजून व्हरांड्यात उभं आहे, कुठल्याच खोलीत शिरत नाही. जे काय ते कागदावर लिही.

माया आहेच, ती वेगळी कळवत नाही.
तुझा मामा

१२ ऑक्टोबर

ती. मामास भिंगरीचा सा. न. वि. वि.

थोरली पोचली. पन्नास पटीवर माझ्या काळजाचा ठोकासुद्धा दिसतो. श्वास घेतला की लक्ष्याचा कागद नाचायला लागतो. आमच्या कोचबाईंनी एकदा डोळा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, की इतक्या जवळून त्यांनी स्वतःच्या नवऱ्यालाही पाहिलेलं नाही. शिवाय ती इतकी जड आहे, की रायफल वजनाच्या मर्यादेबाहेर जाते.

दस्ता बघायला मात्र अख्खा क्लब माझ्या खोलीत लोटला. मागच्या टोकाला लाकडात ज्या ज्वाळा उमटल्यात, त्यांवरून सगळ्यांनी हात फिरवले. गाल टेकायची जागा तर अशी, की झोप यावी. मान जरा पुढे काढावी लागते, पण होईल सवय.

एक सांगायचं राहिलं. दुर्बिणीतून बघताना चित्राभोवती काळं कडं दिसतं, पाइपातून बघितल्यासारखं. तुला काय वाटतं?

आशीर्वाद असेच येत राहोत.
तुझी भिंगरी

१८ ऑक्टोबर

चि. भिंगरीस अ. उ. आ.

मला वाटत नाही, मला माहीत आहे. डोळा भिंगापासून लांब राहिला की काळं कडं येतं. साडेतीन इंच अंतर हवं. तेव्हा थोरलीला राम राम ठोक आणि सोबतची मधली बसव. चाळीस पटीची, अंगाने हलकी, आणि तिचं फिरकीचं बटण एकेक टिचकी स्पष्ट मोजून देतं. मला आधीपासून हीच आवडली होती. थोरली पाठवली ती मास्तरीणबाईंच्या आग्रहावरून.

दुर्बीण धरून ठेवणाऱ्या कड्यांचे स्क्रू ढिले करून मधलीला डोळ्याकडे ओढ. तरीही काळं राहिलं, तर दोष डोळ्याचा. डॉक्टरला दाखव. तुझ्या आईकडच्या सगळ्यांचे डोळे अधू आहेत. मी त्याच घरातला असलो तरी माझे नाहीत, हे लक्षात ठेव.

पत्राचं उत्तर आणि मानेची काळजी, दोन्ही वेळेवर.
मामा

२६ ऑक्टोबर

ती. मामास सा. न. वि. वि.

मधली सुंदर आहे. कागदावरचं भोक इतकं स्वच्छ दिसतं, की त्याच्या कडेचे फाटके तंतू मोजावेत. ओढली, ती ज्यावर सरकते तो रूळ संपेपर्यंत ओढली, आता आणखी मागे घ्यायला जागाच नाही. काळं कडं बारीक झालं, गेलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. तक्त्याची शेवटची ओळ वाचली आणि खाली कोपऱ्यात छापखान्याचा पत्ता होता, तोही वाचला. पुन्हा यायचं नाही असं त्यांनी बजावलंय.

गुण मात्र उतरलेत. सुरुवातीच्या गोळ्या बऱ्या जातात, मग मान भरून येते आणि भिंगातली फुली लक्ष्यावरून घसरते. उसन्या रायफलीवर याहून चांगले पडत होते, हे लिहायला नको होतं, पण तूच म्हणालास, जे काय ते लिही.

कोचबाई परवा दस्त्याबद्दल काहीतरी बोलणार होत्या. मी त्यांना चहाला नेलं.

आई शुक्रवारी इथे येतेय. तुझं लक्ष असू दे.
भिंगरी

२ नोव्हेंबर

चि. बाळूस ताईचे अनेक आशीर्वाद.

मी पोरीच्या खोलीतून लिहितेय. खोली कँटीनच्या डोक्यावर आहे, आणि खालच्या भांड्यांच्या आवाजात जे सुचतं ते सरळ लिहिते.

माझ्या लग्नाच्या वेळी नवरदेवाची उंची बुटांची तर नाही ना, म्हणून तू टेप घेऊन त्याच्या टाचा मोजायला निघाला होतास. तोच तू आजही आहेस. दुर्बिणींना दोष देऊन झाला, पोरीच्या डोळ्यांना देऊन झाला, आता बहुधा सूर्याची पाळी. एवढंच सांग, की मे महिन्यात तिला माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून तीन-तीनदा माप घेतलंस, तेव्हा तिच्या अंगात काय होतं? पातळ सदरा. इथे नेम धरायला पालथी झोपते तेव्हा ती जे जाकीट घालते, ते नुसतं जमिनीवर ठेवलं तर एकटं उभं राहतं. अंगाला गादी बांधल्यासारखं. त्या गादीच्या पुढे तुझा लांबलचक दस्ता, आणि त्याच्याही पुढे दुर्बीण. पोरगी कासवासारखी मान काढून तिथवर पोचते.

ती तुला हे सांगायची नाही. तू केलेल्या बाहुलीचा एक पाय आखूड होता, तेव्हा चार वर्षांच्या भिंगरीने तुला सांगितलं होतं, की ही लंगडत नाही, नाचतेय. आताही ती तेच करतेय, आणि यात तिची जागा जाईल. दस्ता आखूड कर.

रागावलास तरी जेवत जा.
तुझी ताई

६ नोव्हेंबर

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझ्या आईचं पत्र आलं.  साध्या लाकडाचा जो नमुन्याचा दस्ता ठेवलाय तो काढला, एकावर एक दोन कोट चढवले, वर रजई गुंडाळली, आणि गच्चीवर धाकटीमागे पालथा पडलो. काळं कडं. मग मान काढली. तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या. त्यांनी मला बरं वाटत नाही का असं विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत बाजूला सरका म्हणाल्या, यजमान बाहेर पडायची वेळ झाली होती.

माप चुकलेलं नव्हतं, भिंगरी. एका केसाचाही फरक नव्हता. फक्त ते पातळ सदऱ्यातल्या मुलीचं होतं, आणि नेम धरते ती जाकिटातली.

सव्वा इंच कापावा लागेल, आणि मागूनच. म्हणजे नेमका तो ज्वाळांचा भाग. तीन वखारी पालथ्या घालून तो ओंडका मी त्या ज्वाळांसाठीच निवडला होता. असो. दस्ता सोडवून आईबरोबर पाठव. कोचबाईंना माझ्यातर्फे एक चहा पाज, आणि या वेळी बोलू दे.

पुढच्या वेळी बाहुली लंगडली तर लंगडते म्हण.
मामा

२१ नोव्हेंबर

ती. मामास सा. न. वि. वि.

जागा मिळाली. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू सावकाश वाचशील.

तुझा दस्ता परत आला त्या दिवशी जाकीट घालून झोपले, डोळे मिटून गाल टेकवला आणि डोळे उघडले, तर मधलीत काठोकाठ उजेड. काळं काही नाही. थोरलीही पुन्हा लावून पाहिली, तुझ्या समाधानासाठी. तिच्यातही कडं नव्हतं, पण ठोका होताच. तेव्हा मधली पक्की. काल शेवटच्या दहा गोळ्यांना मान कुठे आहे याची आठवणसुद्धा झाली नाही. कोचबाई म्हणाल्या, ज्याने करवत लावली त्याचा हात बघायला हवा.

बंदूकवाल्याला कळवायला फोन केला, तर तो हळहळत होता, की मामांनी सोन्यासारखं गिऱ्हाईक घालवलं. काय भानगड आहे? आणि त्या ज्वाळांचं काय केलंस?

पाया पडते, आणि उत्तर लवकर.
भिंगरी

२७ नोव्हेंबर

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझं पत्र मी जिन्यात उभा राहून वाचलं, मग पलंगावर बसून, मग मास्तरीणबाईंना वाचून दाखवलं. यजमानांनी सिगारेट खरोखरच सोडल्यामुळे बाईंनाही विरंगुळा हवाच होता. संघात माझी भाची आहे हे आता गल्लीत कुणाला सांगायचं शिल्लक नाही.

कापलेला तुकडा घासून, तेल देऊन कामाच्या टेबलावर ठेवलाय. त्यावर माझा चहाचा कप बसतो. ज्वाळांवर ठेवूनही निवतोच.

गिऱ्हाइकाचं म्हणशील, तर भानगड काही नाही. करवत लावायच्या आदल्या दिवशी धाकटी परत द्यायला आणि दस्त्यामागची रबरी गादी घ्यायला दस्ता घेऊन दुकानात गेलो होतो. तिथे एक कारखानदार बसले होते, हात गुडघ्यापर्यंत पोचतील असे. त्यांनी दस्ता खांद्याला लावला आणि तो त्यांना असा बसला, की मला क्षणभर बघवेना. न कापता आहे तसा द्या म्हणाले, भाचीला सवडीने दुसरा करा. मी म्हटलं, सवड वीस तारखेला संपते. तुझ्या आईला यातलं अक्षर कळू देऊ नकोस, नाहीतर व्हरांड्यातल्या कपाटाबरोबर हेही आयुष्यभर ऐकावं लागेल. दोन लाख देत होते, आणि मी पायरी उतरल्यावर मागून हाक मारून वर दहा हजार.

लोभ घट्ट असू दे, पण स्क्रूचा आटा जाईल इतका आवळू नकोस.
मामा

ता. क. एकूण दोन लाख दहा हजार. नाही म्हणालो.